सोलापूरहून कोकणात जाताना गावांची यादी नको, एक खाडी धरा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "गणपतीपुळे झालं, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ला दोनदा झाला. दोन्ही वेळा गर्दीत गेलो आणि गर्दीतूनच परत आलो. आता पाच दिवस हातात आहेत. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि दोन शाळकरी मुलं आहेत, घरात निम्मे शाकाहारी. कोकणातल्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जागा सांगाल का?"

ताई, बावीस वर्षं मी सोलापुरातून दहा-पंधरा जणांचे गट घेऊन कोकणात जातोय. तुमच्यासारखा प्रश्न मला दर दिवाळीच्या आधी येतो. पूर्वी मी उत्तरात गावांची नावं देत असे. आता देत नाही. कारण नाव दिलं की माणूस नकाशावर टाचणी मारतो, तिथं जातो, फोटो काढतो आणि पुढच्या टाचणीकडे निघतो. माझ्या पहिल्याच सहलीत मी हेच केलं होतं. तीन दिवसांत अकरा ठिकाणं, आणि त्याचा केवढा अभिमान! परतीला आंबा घाट चढत होतो तेव्हा मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "बाळा, समुद्र दाखवायला आणलंस, पण समुद्रापाशी बसू कुठं दिलंस?" उत्तर द्यायला माझ्यापाशी काही नव्हतं. त्यानंतर मी सहल आखायची रीतच बदलली. एका सहलीला एकच खाडी घ्यायची, मुक्काम एकाच घरी करायचा आणि खाडीचे दोन्ही काठ सावकाश फिरायचे.

खाडीच का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. सह्याद्रीतून उतरणारी नदी समुद्राला मिळण्याआधी कित्येक किलोमीटर समुद्राचंच पाणी आत घेते. भरतीला ते पाणी वर चढतं, ओहोटीला उतरतं. जुन्या काळी रस्ते नव्हते, गलबतं याच पाण्यावरून आत येत. त्यामुळे खाडीच्या मुखाशी किल्ला, आत बंदर, त्याहून आत बाजारपेठ, काठावर कुळागरं, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, आणि देवळं, अशी वस्ती वसत गेली. राजापूर, दाभोळ, विजयदुर्ग ही सगळी खाडीचीच लेकरं. पुढे मुंबई-गोवा महामार्ग झाला तो समुद्रापासून बराच आत, आणि कोकण रेल्वेही आतूनच गेली. आता पर्यटक महामार्गावरून एका फाट्याला वळतो, सरळ एका किनाऱ्यावर उतरतो आणि त्याच रस्त्यानं परत येतो. खाडीचे काठ त्याच्या वाटेत येतच नाहीत. तुम्हाला हवी असलेली शांतता तिथंच राहिली आहे, तीही गर्दीच्या जागेपासून तासाभराच्या आत.

तुमच्या घरच्या मंडळींचा विचार करून मी पहिलं नाव घेईन कर्ली खाडीचं. तारकर्ली दोनदा झालं म्हणता, म्हणजे या खाडीच्या मुखाशी तुम्ही दोनदा जाऊन आलात. देवबागच्या संगमावर होडीत बसला असाल, तेव्हा समोरच्या काठावर एक डोंगर दिसला असेल. तो काठ भोगव्याचा. इकडे होड्या, भोंगे, रांगा. तिकडे लांबलचक वाळू आणि एखाद-दुसरा कुत्रा. मधे फक्त खाडीचं पाणी, पण गाडीनं यायचं तर बराच वळसा पडतो, म्हणून एकाच सहलीत दोन्हीकडे सहसा कुणी जात नाही.

भोगव्याच्या वर निवतीचा किल्ला आहे. किल्ला म्हणून फार काही उरलेलं नाही, तटाचे भाग आणि खंदक. पण बुरुजाशी उभं राहिलं की खाली अख्खा भोगव्याचा किनारा एका कमानीसारखा दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात वेंगुर्ले रॉक्सवरचं दीपगृहही. चढ थोडाच आहे, पण सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली निवती बंदरात बसवा. जाळी विणणारी माणसं असतात, गप्पा मारतात. आजोबांना त्यातच जास्त आनंद होईल, हे मी पाहून सांगतोय.

तिथून आत आलं की परुळे लागतं. परुळ्यात आदिनारायणाचं, म्हणजे सूर्याचं देऊळ आहे. आणखी आत, कुडाळच्या बाजूला, वालावल. लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ, त्याला लागून तळं, पलीकडे झाडीनं भरलेला डोंगर, आणि हाकेच्या अंतरावरून वाहणारी कर्ली. वालावलला जायचं तर दुपारी चारनंतर जा. मी गटाला तिथं एक तास काहीही करायला सांगत नाही. मुलं सुरुवातीला चुळबुळतात, मग तळ्याच्या पायरीवर जाऊन बसतात, आणि पंधरा मिनिटांत कुणाला तरी खंड्या दिसतो. मग त्यांना उठवावं लागतं.

कुडाळ-मालवण रस्त्यावर धामापूरचा तलाव आहे. तिथून शेकडो गाड्या रोज जातात, थांबतात त्यातल्या फार थोड्या. हा तलाव 1530 मध्ये नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या साथीनं बांधला, आणि 2020 मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. आपण सोलापूरची माणसं सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी वाढलेली, हिप्परग्याचा तलाव पाहिलेली. आपल्याकडे तलाव म्हणजे उघड्या माळावर पसरलेलं पाणी, वर कोरं आभाळ. धामापूरला झाडी पार पाण्यापर्यंत उतरते, पाणी हिरवं दिसतं ते तिच्या सावलीमुळे. काठावर भगवतीचं देऊळ आहे. एवढ्या जुन्या तलावाचं पाणी आजही शेताला जातं, हे मुलांना तिथंच उभं करून सांगा.

पिंगुळी विसरू नका, कुडाळच्या अगदी शेजारी आहे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या यांची परंपरा तिथं जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबानं गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आहे. कागदावरची एकेक चित्रं पुढे ठेवत, वाद्यांच्या साथीनं रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. आधी फोन करून गेलात तर बाहुल्यांचा खेळ बघायला मिळू शकतो. त्याचे पैसे हातचं न राखता द्या. ही माणसं ती कला पोटाला चिमटा काढून टिकवत आली आहेत.

इथं नावाच्या घोळाबद्दल सांगून ठेवतो. आपल्या दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल आहे, कर्नाटकात कूडलसंगम आहे आणि कोकणात कुडाळ. फोनच्या नकाशात घाईनं लिहिलं की भलताच रस्ता दाखवतो. यशवंतगडही दोन आहेत, एक राजापूर तालुक्यात नाटे गावी, दुसरा वेंगुर्ले तालुक्यात रेडीला. मुरूडही दोन. गावाच्या नावासोबत तालुका लिहायची सवय ठेवा.

आता रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी. माझ्या मते कोकणातली ही सगळ्यांत सुंदर गोष्ट, आणि तिला तिकीट नाही. मालवण-देवबाग-तळाशील या पट्ट्यात पहाटे किनाऱ्यावर गेलात आणि नशीब असेल तर दिसेल. एक होडी अर्धवर्तुळ काढत समुद्रात लांबच लांब जाळं टाकत जाते आणि दुसऱ्या टोकाला परत किनाऱ्याला लागते. मग दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते जाळं ओढू लागतात. पायांच्या टाचा वाळूत रुततात, दोर कमरेला टेकवून सगळे एका तालात मागे झुकतात. अर्धा-पाऊण तास काहीच दिसत नाही, नुसता दोर येत राहतो. मग पाण्यात जाळ्याची बोंडं दिसतात, दोन्ही रांगा हळूहळू जवळ सरकतात, वर घारी आणि कुरव जमतात. शेवटचा खोळा वाळूवर येतो तेव्हा आत चांदीसारखं काहीतरी उसळत असतं: तारली, पेडवे, बांगडे, एखादा मोठा मासा, चार खेकडे. एकदा माझ्या गटातला अकरा वर्षांचा मुलगा नुसताच बघत उभा होता. दोरावरच्या एका काकांनी मान न वळवता हाक मारली, "रे पोरा, हात लाय, वाटो गावतलो!" पोरानं दोर धरला. त्याच्या हाताला फोड आले, पण शेवटी वाटणी करताना काकांनी खरोखरच त्याच्या ओंजळीत चार तारल्या टाकल्या. घरी तो मासे खात नाही. त्यानं ते कुणालाही दिले नाहीत, मुक्कामाच्या घरी आजीच्या हातात नेऊन ठेवले.

रापण आता कमी होत चालली आहे. खोल समुद्रातल्या मोठ्या यांत्रिक बोटी आणि पर्ससीनची जाळी मासळी आधीच उचलतात, किनाऱ्यावर येणारी घटते. रापणकरांचं हे दुखणं खरं आहे. म्हणून तिथं गेलात तर फोटोसाठी त्यांच्या दोरात पाय अडकवू नका, आणि मासे घेणार असाल तर घासाघीस करू नका. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि खवळलेल्या समुद्रात रापणही सहसा दिसत नाही.

पहाटे म्हणजे नेमकं कधी, समुद्रात पाय घालायचे कधी, खाडीत होडी चालेल कधी, हे सगळं भरती-ओहोटीवर ठरतं. आणि आपल्या बाजूच्या माणसाला नेमकं हेच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. एकदा ओहोटीला खडकांवरून चालत गट घेऊन गेलो, गप्पांत वेळ गेला, परतताना पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. सगळे सुखरूप आले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या घरच्या काकांनी हिशेब शिकवला. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि सहा तास आधी, सकाळी दहाच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, द्वादशीला नऊला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दर दिवशी भरती पाऊण तासानं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी सगळ्यांत जास्त चढतं-उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, पण दिवस आखायला हे पुरतं. पंचांग आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर असतं. सासूबाईंना हा हिशेब द्या, सहलीचं वेळापत्रक त्याच ठरवतील.

मुलांना पाण्यात सोडायचं ते पाणी चढतं असताना, गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि स्थानिक माणसाला विचारून. खाडीच्या मुखाशी, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथं, कधीच नाही. वरून पाणी शांत दिसतं, आत ओढ जबरदस्त असते. आपली मुलं विहिरीत किंवा तरणतलावात पोहायला शिकलेली असतात, त्या पोहण्याचा इथं उपयोग नाही.

आता दुसरी खाडी, खरं तर दोन शेजारणी: मुचकुंदी आणि राजापूरची. सहलीला रत्नागिरीच्या बाजूनं उतरायचं असेल तर ही घ्या. रत्नागिरीहून सागरी मार्गानं पावस, मग पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखावरचा हा किल्ला लहानसा आहे, पाऊण तासात पाहून होतो. समुद्राकडच्या दारात उभं राहिलं की खाली खाडी, पलीकडे गावखडीचं सुरूबन. पुढे आडिवऱ्याची महाकाली, आणि तिथून जवळच कशेळी.

कशेळीसाठी अर्धा दिवस ठेवाच. कनकादित्याचं देऊळ, म्हणजे पुन्हा सूर्यमंदिर, बाहेरून साधं कौलारू. आत शिरून मान वर केली की लाकडी छतावरचं कोरीवकाम दिसतं. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113 चा, म्हणजे 1191 सालचा ताम्रपट इथला आहे. हत्तरसंग कुडलचा शके 940 चा मराठी शिलालेख आपल्या अंगणात आहे, त्यामुळे असलं काही समोर आलं की सोलापूरच्या माणसाचा जीव गुंतणारच. रथसप्तमीला इथं मोठा उत्सव असतो.

कशेळीचं दुसरं धन गावाबाहेर सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. आपल्याकडे काळी माती आणि काळा दगड. हा दगड गंजलेल्या लोखंडासारखा तांबडा, भोकाभोकांचा. त्या दगडावर अश्मयुगातल्या माणसानं कोरलेली चित्रं आहेत, ज्यांना आता सगळे कातळशिल्पं म्हणतात. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, काहीच कळत नाही. चार पावलं मागे सरा, मग सोंड सापडते, मग पाय, आणि मग लक्षात येतं की त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, मासे, पाकट, माकड. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे या रत्नागिरीकरांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून ही शिल्पं एकेक शोधून काढली. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचा चौकोनी नक्षीपट, रुंढे तळी, बारसू, उक्षीचा हत्ती, जांभरूण, ही सगळी याच कुळातली.

शिल्पं बघायला सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरपं ऊन खाचांत सावली पाडतं, तेव्हाच चित्र उठून दिसतं. भर दुपारी वर ऊन, खाली तापलेला कातळ आणि चित्र मात्र पुसट. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस गवत वाढलेलं असतं. गावातला माहीतगार बरोबर घ्या. चपला काढून ठेवा, रेघांवर पाणी किंवा खडू टाकू नका. दहा हजार वर्षांच्या आसपास जुनं काम असावं असं मानतात. आपल्या एका रीलसाठी ते झिजायला नको.

राजापूर तालुक्यात आलाच आहात तर उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंड आणि त्याच्या वरच्या अंगाची राजापूरची गंगा सासू-सासऱ्यांना दाखवा. चौदा कुंडं आहेत. गंगा बारमाही नाही. एरवी कुंडं कोरडी असतात, आणि साधारण दर तीन वर्षांनी जमिनीतून पाणी अचानक उसळून येतं, काही महिने राहतं, मग पुन्हा गुप्त होतं. निघण्याआधी गंगा आली आहे का, ते राजापुरात कुणालाही विचारा. धोपेश्वरचं धूतपापेश्वर हे नदीकाठचं, धबधब्याशेजारचं देऊळही तिथून जवळ. खाडीच्या मुखाशी नाटे गावचा यशवंतगड आणि आंबोळगड. आंबोळगडला सूर्यास्त पाहून परता, तिथं गर्दी मी क्वचितच पाहिली.

तिसरा पट्टा वेंगुर्ले ते शिरोडा आणि तेरेखोलची खाडी. एका गोष्टीसाठी मी तिथं दरवर्षी जातो: सुरंगी. फेब्रुवारी-मार्चात आरवली, आसोली, शिरोड्याच्या बाजूला सुरंगीची झाडं फुलतात. फूल फांदीला चिकटून येतं, लहानसं, पांढरं-पिवळं, आणि वास असा की गाडीच्या काचा बंद असल्या तरी कळतं. पहाटे झाडावर चढून कळ्या काढतात, बायका वळेसर करतात. आपल्याकडे मोगरा-शेवंतीचा गजरा माळतात, तसा तिथं हा. आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला लोक देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री देव गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, असं गावकरी सांगतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते. शिरोड्याची मिठागरं 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा, आणि पुढे रेडीचा यशवंतगड, तटाभोवती झाडांच्या मुळांनी विळखा घातलेला.

विजयदुर्गाचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. 2025 मध्ये तो मराठा लष्करी वारशात युनेस्कोच्या यादीत गेला, तिथं आता वर्दळ वाढणार. पण जवळच गिर्ये गावाच्या बाजूला रामेश्वराचं देऊळ आहे, कातळ फोडून काढलेल्या वाटेनं खाली उतरावं लागतं, तिथं अजून शांतता आहे. गुहागरच्या बाजूची हेदवीची बामणघळ, दापोलीतली पन्हाळेकाजीची 29 लेणी, वेळासची कासवं, ही सगळी उत्तम आहेत, पण सोलापूरहून पाच दिवसांत नकोत. वाटेतच दोन दिवस जातील आणि आजोबांची कंबर धरेल. ती वेगळी सहल.

रस्त्याबद्दल. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा महामार्ग आता चांगला झाला आहे. पहाटे चारला निघा. जेवण कोल्हापुरात, घाट दिवसाउजेडी. कर्लीला जायचं तर गगनबावड्याहून करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, कणकवली, कुडाळ. सगळं मिळून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. करूळ घाट कामासाठी मध्यंतरी बराच काळ बंद होता, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. नसेल चालू तर फोंडा. राजापूरच्या खाडीसाठी मलकापूरवरून अणुस्कुरा किंवा आंबा घाट. रात्री घाट उतरायचा मोह टाळा. आपले चालक सपाटीवरचे, धुक्यातल्या वळणांची सवय नसते. माझा नियम आहे, सूर्य मावळला तर कोल्हापूरला किंवा गगनबावड्याला मुक्काम.

हवेबद्दल एक गैरसमज दूर करतो. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा कोकणचे चौतीस ऐकून आपल्याला वाटतं, थंडच की! पण आपला उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि लगेच वाळतो. तिथं घाम वाळतच नाही, अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, आणि तहान मात्र तेवढी लागत नाही. माझ्या गटात चक्कर आली ती बहुतेक वेळा मे महिन्यात आणि ज्येष्ठांनाच. कोकम सरबतात चिमूटभर मीठ घालून दर दोन तासांनी द्या, सुती कपडे घाला, अकरा ते चार घरात राहा. तुम्हाला सवड असेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ धरा. गड्ड्याची यात्रा आटोपून जानेवारीच्या शेवटी निघालात तर सगळ्यांत उत्तम. नाताळची गर्दी ओसरलेली, हवा सुखाची. कार्तिकानंतर गावोगाव जत्रा असतात आणि मध्यरात्री दशावतार उभा राहतो. लिखित संहिता नाही, संवाद तिथल्या तिथं रचतात, पहाटेपर्यंत चालतं. गणेशोत्सवात मात्र जाऊ नका. घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, ते त्यांचे घरचे दिवस.

शाकाहारी मंडळींची काळजी करू नका. हॉटेलात राहिलात तर पनीर मिळेल. घरगुती मुक्काम केलात तर ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, अळू, घावणे, आंबोळी, खापरोळी मिळेल. ओला काजू साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. फोन करतानाच तीन गोष्टी विचारा: शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवता का, न्हाणीघर आणि संडास घराला लागून आहेत का, आणि खाडीचा काठ चालत किती दूर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांच्या आत आलं तर ते घर धरा.

तुमच्या पाच दिवसांत मी असं करेन: पहिला आणि पाचवा दिवस प्रवासाचा. मधले तीन दिवस परुळे किंवा वालावलच्या आसपास एकाच घरी. एक दिवस समुद्राकडे, भोगवे आणि निवती. एक दिवस आत, धामापूर, पिंगुळी आणि संध्याकाळी वालावल. तिसरा दिवस मोकळा. त्या दिवशी घरमालकांना विचारा, आज गावात काय आहे. कुणाकडे काजूच्या बिया भाजत असतील, कुठं देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे घातलेलं साकडं, असेल आणि सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणत असतील, कुठं होडीला डांबर लावत असतील. आणि जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी जास्तीची बांधून घ्या. घरच्या काकूंना दिलीत तर त्या संध्याकाळी चुलीपाशी बसवून सोलकढी कशी करायची ते दाखवतील: आमसुलं कोमट पाण्यात कुस्करायची, नारळाचं पहिलं दूध शेवटी घालायचं, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही.